सिस्टिक फायब्रोसिससाठी लंडन मॅरेथॉन धावणाऱ्यांसाठी: जागा, पैसे, पथ्यं

थेम्सकाठ

लंडन मॅरेथॉनमध्ये सिस्टिक फायब्रोसिससाठी (पुढे नुसतं सीएफ) धावायचं ठरवलेल्यांचे प्रश्न इथे दरवर्षी येतात आणि उत्तरं पाच-सहा धाग्यांत विखुरलेली राहतात. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा. प्रशिक्षण, पैसे आणि आजार या तिन्हींतल्या जाणकारांनी भर घालावी.

आजाराबद्दल थोडक्यात. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचं जनुक आहे. ते १९८९ मध्ये सापडलं. पेशींतून क्लोराइड बाहेर सोडणारी वाट त्या जनुकावरून बनते. ती बिघडली की फुप्फुसातला स्राव घट्ट, चिकट होतो, त्यात जंतू ठाण मांडून बसतात आणि वारंवारच्या संसर्गाने फुप्फुस खराब होत जातं. स्वादुपिंडाच्या नळ्याही तुंबतात, म्हणून बहुतेकांना जेवताना पाचक विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. आई आणि वडील दोघेही वाहक (बिघडलेलं जनुक अंगात आहे, पण आजार नाही असे) असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. युकेत सुमारे पंचवीस माणसांत एक वाहक आहे आणि रुग्णांची संख्या ११,००० च्या वर.

इथली मुख्य संस्था म्हणजे १९६४ साली स्थापन झालेली सिस्टिक फायब्रोसिस ट्रस्ट. संशोधनाला पैसे देणं, कुटुंबांना सल्ला आणि मदत, आणि देशभरच्या रुग्णांची नोंदवही सांभाळणं ही तिची कामं. ही नोंदवही फार मोलाची आहे. कुठलं औषध प्रत्यक्षात किती चालतं, हे तिच्यातूनच कळतं.

आता जागेचं. मॅरेथॉन साधारण एप्रिलच्या शेवटच्या रविवारी असते. जागा मिळवायचे दोन रस्ते. पहिला बॅलट, म्हणजे अर्जदारांतून चिठ्ठ्या काढून जागा देणं. शर्यतीच्या सुमारास पुढच्या वर्षाचा बॅलट उघडतो आणि निकाल उन्हाळ्यात लागतो. अर्ज लाखांनी येतात, त्यामुळे त्यावर विसंबू नका. दुसरा रस्ता संस्थेची जागा. संस्था आयोजकांकडून काहीशे पौंडांना एकेक जागा विकत घेते आणि ठरावीक किमान रक्कम जमवण्याच्या बोलीवर तुम्हाला देते. ही रक्कम बहुतेक ठिकाणी २,००० पौंड किंवा त्याहून जास्त असते. नोंदणी शुल्क वेगळं, ते आपल्या खिशातून.

बॅलट लागला तरी संस्थेसाठी धावता येतं. तेव्हा किमान रकमेचं बंधन नसतं, आणि संस्थेला जागेचा खर्चही पडत नाही.

माळशिरस_ते_मिल्टनकीन्स

संस्थेच्या अर्जाबद्दल थोडी भर. अर्जात "का धावताय" याच्या जोडीला "पैसे कसे जमवणार" हा रकाना असतो आणि निवड खरी तिथे होते. "मित्र आणि नातेवाईक यांच्याकडून" एवढंच लिहिलं तर अर्ज बाजूला पडतो. आकडे मांडा. समजा उद्दिष्ट २,५०० पौंड आहे. जवळचे १२ जण सरासरी ४० प्रमाणे ४८०. ऑफिसातले ३० जण १५ प्रमाणे ४५०, आणि कंपनी तेवढीच भर घालत असेल तर आणखी ४५०. एक खाण्याचा कार्यक्रम, खर्च वजा जाता ४००. शाळेतले पालक, शेजारी, मुलांच्या क्रिकेट क्लबातले लोक मिळून ४००. झाले २,१८०. उरलेले ३२० शेवटच्या दोन आठवड्यांत आणि शर्यतीनंतरच्या आठवड्यात येतात. असा हिशेब दिसला की निवडणाऱ्याला भरवसा वाटतो.

कंपनी भर घालते का, कमाल किती आणि अर्ज कधीपर्यंत, हे एचआरला जानेवारीतच विचारा. काही कंपन्यांचा त्या वर्षाचा निधी मार्चअखेर संपतो.

हिशेबनीस

गिफ्ट एडवर सविस्तर लिहितो, कारण आपल्या लोकांची सगळ्यात जास्त गडबड इथे होते.

युकेत आयकर भरणाऱ्याने स्वतःच्या पैशांतून देणगी दिली आणि घोषणेवर खूण केली, तर संस्थेला सरकारकडून प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स मिळतात. १०० चे १२५ होतात. देणारा ४० टक्क्यांच्या पट्टीत असेल, तर तो स्वतःच्या विवरणपत्रात आणखी २५ पौंडांची सवलत मागू शकतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यांना सांगा, पुढच्या वेळी हात सैल सुटतो.

खूण कधी करायची नाही, तेही बघा.

१. देणाऱ्याने त्या वर्षात युकेत पुरेसा कर भरलेला नसेल तेव्हा. भारतातून भेटीला आलेले आईवडील, कमाई नसलेले विद्यार्थी, घर सांभाळणारी पत्नी किंवा पती, हे सगळे यात येतात. सरकारने दिलेली रक्कम आणि त्यांनी भरलेला कर यांतला फरक भरायची जबाबदारी देणाऱ्यावर येते. घरात एकच जण कर भरत असेल तर देणगी त्याच्या नावाने, त्याच्याच पैशांतून जाऊ द्या.

२. दहा जणांची रोख गोळा करून आपल्या कार्डाने एकरकमी भरताना. ते पैसे तुमचे नाहीत. अशा वेळी संस्थेचा छापील प्रायोजक फॉर्म वापरा. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने पूर्ण नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड, रक्कम लिहून खूण करायची. ऑफिसचा पत्ता चालत नाही. "पाटील, वेंब्ली" एवढ्यावर संस्थेला दावा करता येत नाही.

३. पैशांच्या बदल्यात काही मिळत असेल तेव्हा. जेवणाचं ताट, सोडतीचं तिकीट, टीशर्ट ही विक्री झाली.

४. पैसे कंपनीच्या खात्यातून येत असतील तेव्हा. कंपनीने घातलेली भरही यात आली.

आणि महत्त्वाचं: बहुतेक संस्था गिफ्ट एडची रक्कम किमान उद्दिष्टात धरत नाहीत. तुमच्या ऑनलाइन देणगी-पानावर २,००० आणि खाली "अधिक ४३०" दिसलं म्हणून २,४३० झाले असं समजू नका. करार वाचा.

रानजाई

@हिशेबनीस, पुण्यातल्या नातेवाइकांना लंडनमध्ये धावणाऱ्याच्या पानावर पैसे द्यायचे असतील तर? आणि त्यांना ८० जीची (भारतातल्या आयकरात देणगीवर मिळणारी) सवलत मिळेल का?

हिशेबनीस

आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेल्या कार्डाने पानावर थेट देता येतात. गिफ्ट एडची खूण करायची नाही. ८० जी मिळणार नाही, ती भारतात नोंदलेल्या आणि मान्यता असलेल्या संस्थांनाच आहे. त्यातही जुनी करपद्धत निवडलेल्यांनाच, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर नाहीच.

माझं स्पष्ट मत असं की भारतातल्या माणसाने भारतातच द्यावं. युकेतल्या रुग्णाला औषधं एनएचएसकडून मिळतात. भारतात पाचक विकरं, नेब्युलायझर, प्रतिजैविकं यांचा महिन्याचा खर्च कुटुंबाच्या अंगावर पडतो, आणि सीएफटीआर सुधारणारी नवी औषधं तर बहुसंख्यांच्या आवाक्यातच नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आणि दिल्लीच्या एम्समध्ये सीएफवर बरंच काम झालं आहे. अशा रुग्णालयाच्या गरीब रुग्ण निधीत, "बालरोग, सीएफ" असा उद्देश लिहून देणगी घेतली जाईल का, हे आधी विचारा.

उलट दिशेचंही सांगतो. इंग्लंडहून भारतातल्या संस्थेला पैसे पाठवताना देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला हे बघावं लागतं. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी धरत नाहीत. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्याची, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, धरतात. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. म्हणून सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यात जमवून "एकदम पाठवूया" हा बेत करू नका.

श्वासमात्रा

श्वसनाची फिजिओथेरपी या बाजूने लिहिते. पैशांइतकंच हेही धावणाऱ्याला माहीत हवं.

सीएफ असलेल्या दोन व्यक्तींना एकमेकांच्या जवळ आणू नका. घट्ट स्रावात स्यूडोमोनास, बर्खोल्डेरिया सेपाशिया असे जंतू वस्ती करतात. धडधाकट माणसाला त्यांचं सहसा काही होत नाही, पण एका रुग्णाकडून दुसऱ्याला गेलेला जंतू हट्टी आणि औषधांना न जुमानणारा असू शकतो. त्याने फुप्फुसाची झालेली हानी भरून येत नाही. रुग्णालयांत त्यांच्या भेटीच्या वेळा आणि खोल्यासुद्धा वेगळ्या ठेवतात.

आता आपले कार्यक्रम कसे असतात बघा. मंडळाच्या हॉलमध्ये देणगी-भोजन ठरतं. ज्या मुलासाठी धावणार त्याला बोलावतात. दुसऱ्या गावातलं सीएफ असलेलं आणखी एक कुटुंब हौसेने येतं, आणि दोन्ही मुलांना शेजारी बसवून फोटो काढतात. हेतू चांगला, परिणाम घातक. बंदिस्त जागेत सीएफ असलेली एकच व्यक्ती हा नियम धरा. निमंत्रणातच लिहा: "तुम्हाला किंवा तुमच्या घरी कुणाला सीएफ असेल तर येण्याआधी आम्हाला कळवा." दुसऱ्या व्यक्तीला व्हिडिओवरून बोलू द्या. मोकळ्या जागेतही अंतर राखायचं. शर्यतीच्या दिवशी संस्थेच्या चिअर पॉइंटवर (मार्गावर उभं राहून धावणाऱ्यांना हुरूप द्यायच्या जागी) जाणाऱ्या रुग्णाने संस्थेला आधी सांगावं, ते सोय करतात. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांनी त्या दिवशी घरीच थांबावं.

दुसरं, पानावरचा मजकूर. "ही मुलं फार जगत नाहीत" छापाची वाक्यं काढून टाका. ती जुनी झाली. युकेत आता रुग्णांमध्ये मुलांपेक्षा प्रौढ जास्त आहेत. २०२० पासून इथे तीन औषधांचं एकत्रित उपचार, काफ्ट्रिओ, मिळू लागलं आणि अनेकांची फुप्फुसं पुष्कळ सुधारली. पण सगळ्यांची नाही. ज्यांच्या जनुकातला बदल या औषधांना दाद देत नाही, त्यांच्या हाती अजूनही दिवसातून दोनदा कफ काढणं, नेब्युलायझर आणि प्रतिजैविकं एवढंच आहे. युरोपीय वंशात सर्वाधिक आढळणारा एफ५०८डेल हा बदल भारतीय रुग्णांत त्या मानाने कमी सापडतो. म्हणून दक्षिण आशियाई कुटुंबांसाठी पुढचं संशोधन विशेष महत्त्वाचं आहे. हे पानावर लिहा. देणारा विचारतो ना, "औषध तर निघालं, आता पैसे कशाला?" त्याचं उत्तर हे आहे.

मुलाचा फोटो, नाव, निदान आईवडिलांच्या लेखी होकाराशिवाय टाकू नका. आपल्याकडे आनुवंशिक आजाराचं नाव निघालं की भावंडांच्या लग्नापर्यंत चर्चा जाते. पान सगळ्या जगाला दिसतं.

वाटसरू_हडपसर

धावणाऱ्यालाच सीएफ असेल तर?

श्वासमात्रा

व्यायाम त्यांना चांगलाच, कफ सुटायला मदत होते. पण मॅरेथॉनचा बेत उपचार करणाऱ्या सीएफ टीमला विचारूनच. मुख्य मुद्दा मिठाचा. घामातलं क्लोराइड निरोगी माणसात ३० च्या खाली असतं, सीएफमध्ये लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त. घाम चाचणीने निदान होतं ते याच आकड्यावर. इतकं मीठ घामावाटे जातं की रक्तातला खारटपणा फारसा वाढत नाही आणि तहान लागायला हवी तेवढी लागत नाही. त्यामुळे "तहान लागेल तसं प्या" हा सर्वसाधारण सल्ला त्यांना पुरत नाही. मीठ किती, कधी, कशातून हे टीम ठरवते. सीएफमुळे मधुमेह झाला असेल तर लांब धावेत साखर उतरण्याचाही हिशेब हवा. नेब्युलायझर आणि कफ काढणं कधी, हे शर्यतीच्या सकाळच्या वेळापत्रकात आधी बसवा. सुरुवातीच्या मैदानावर बराच वेळ थंडीत उभं राहावं लागतं.

माळशिरस_ते_मिल्टनकीन्स

बाकीच्यांसाठी तयारीचं थोडक्यात, कारण यावर इथे पुष्कळ धागे आहेत. १६ आठवडे धरा, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात. त्याआधी सलग ८ ते १० किमी आरामात जमायला हवेत. आठवड्यात तीन-चार धावा, त्यातली एक लांब. सगळ्यात लांब धाव ३० ते ३२ किमीची, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. मग अंतर उतरवत न्यायचं. दुखापती बहुतेक मार्चमध्ये होतात, कारण फेब्रुवारीत पावसाने बुडालेल्या धावा लोक एकाच आठवड्यात भरून काढायला जातात. बुडाली ती बुडाली.

खाणं: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे अर्ध्या तासाला एक. जेलच्या ऐवजी खजूर किंवा चिक्की घेणार असाल तर लांब धावेत आधी खाऊन बघा. चिक्की धावताना चावत बसावी लागते आणि दम लागलेला असताना ठसका बसतो. खजूर बिया काढून, अर्धे करून न्या. आयबुप्रोफेन खाऊन धावू नका, मूत्रपिंडांवर ताण येतो.

संस्थेचा पिवळा व्हेस्ट हाती आला की निदान एका लांब धावेत घाला. काखेत आणि छातीवर कुठे घासतो ते २५ किमीनंतरच कळतं. तिथे व्हॅसलिन. नाव मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत, उच्चारता येईल असं छोटं करून लावा, म्हणजे गर्दी हाक मारते.

मार्गावर आपल्या माणसांना कुठे उभं करायचं: कटी सार्क जहाजापाशी, साधारण १० किमीवर, आणि टॉवर ब्रिजवर, २० किमीच्या सुमारास, गर्दी इतकी असते की कुणी दिसत नाही. कॅनरी वॉर्फजवळ, तिशीच्या अलीकडे-पलीकडे, उभं करा. तिथे पाय जड होतात आणि ओळखीचा चेहरा खरोखर उपयोगी पडतो. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. एक्सेल केंद्रातल्या प्रदर्शनात शनिवारपर्यंत स्वतः, ओळखपत्र घेऊन जावं लागतं. आपला बिब दुसऱ्याला देऊन धावू द्यायचं नाही. दुखापत झाली तर लगेच संस्थेला कळवा, परस्पर काही ठरवू नका.

थेम्सकाठ

पान कधी उघडायचं यावर: नोव्हेंबर-डिसेंबरात. आणि लिंक सगळ्या गटांत टाकण्याआधी जवळच्या चार-पाच जणांकडून चांगल्या रकमा घालून घ्या. लंडन मॅरेथॉनच्या देणगी-पानांवर ब्रिस्टलच्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता. आधीच्या रकमा मोठ्या दिसल्या की पुढचे देणारेही जास्त देतात, असं त्यात निघालं. पहिली नोंद ५ पौंडांची असली तर पुढच्या नोंदी त्याच आसपास घुटमळतात.

सोळा आठवडे रोज लिंक टाकू नका. चार वेळा पुरे: उघडताना, अर्ध्या तयारीला, आदल्या आठवड्यात, आणि पदकाच्या फोटोबरोबर. गटातल्या संदेशापेक्षा एकेकाला नावाने पाठवलेला संदेश जास्त फळतो.

पुरणयंत्र

खाण्याच्या कार्यक्रमाचं मी लिहिते. मिसळ सगळ्यात परवडते. ५० ताटांना कोरडी मटकी ३ किलो, मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त भरते. पाव १२०, फरसाण अडीच किलो, कांदे ४ किलो, लिंबं २५. थंडीत मटकीला मोड यायला दीड-दोन दिवस लागतात, तेव्हा शनिवारच्या कार्यक्रमासाठी गुरुवारी सकाळी भिजवा. ताट ९ पौंडांना धरलं तर ४५० येतात, सामान साधारण ९० ते ११० ला पडतं. हॉलचं भाडं दीडशे असेल तर हाती दोनशेच राहतात. हॉल फुकट मिळणार नसेल तर कार्यक्रम करू नका, ऑर्डरी घेऊन घरपोच डबे द्या. मात्र बंद डबे आले की लेबल आलं. त्यावर आधी कौन्सिलला विचारून घ्या.

रस्सा वाढेपर्यंत ६३ अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर दहा-पंधरा पौंडांत मिळतो, तो घ्या. "वाफ येतेय" हे पुरेसं नाही.

ॲलर्जीची पाटी लावायचीच. युकेत १४ घटक सांगावे लागतात आणि आपल्या मिसळीत त्यातले बरेच बसतात. पावात गहू. फोडणीत मोहरी, आणि मोहरी त्या यादीत आहे. फरसाणात शेंगदाणे, कधी काजू. वाटणात तीळ. सोबत ताक असेल तर दूध. सगळ्यात निसटणारी गोष्ट हिंग. डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. "पाव नको, नुसता रस्सा द्या" म्हणणाऱ्या सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनने आजारी पडणाऱ्या) पाहुण्याला तुम्ही बेलाशक वाढता आणि गहू फोडणीतूनच पोटात जातो. डबीची मागची बाजू वाचा, नाहीतर गव्हाविनाचा हिंग आणा.

हिशेबनीस

याला जोडून सोडतीचं. कार्यक्रमात, कार्यक्रम चालू असताना तिकिटं विकली तर परवाना लागत नाही. जमलेल्या पैशांतून बक्षिसांवर ५०० आणि आयोजनावर १०० पौंडांपेक्षा जास्त कापता येत नाहीत. भेट मिळालेली बक्षिसं त्यात धरत नाहीत. पण तीच तिकिटं दोन आठवडे आधी व्हॉट्सॲपवर विकायला काढलीत की नियम बदलतात. तिथे कौन्सिलकडे नोंदलेली संस्था लागते, एकट्या माणसाला ते करता येत नाही.

रस्त्यावर देणगीचा डबा घेऊन उभं राहायलाही परवानगी लागते. सुपरमार्केटच्या दारात उभं राहायचं तर व्यवस्थापकाची लेखी संमती आणि संस्थेचा सीलबंद डबा. तो दोघांनी मिळून उघडायचा, मोजायचा, दोघांनी सही करायची. कार्यक्रमाचा खर्च वजा करणार असाल तर ते आधीच जाहीर करा आणि पावत्या जपा.

ताटाच्या किमतीवर गिफ्ट एड नाही हे वर आलंच. बाहेर पडायच्या दारापाशी पानाचा क्यूआर कोड मोठा छापून लावा. जेवून निघताना कुणी आपखुशीने वेगळे १० पौंड दिले तर त्यावर ते मिळतं.

रानजाई

सीएफ नसून दुसरा आनुवंशिक फुप्फुसाचा आजार असेल तर? घरात अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता आहे. आणि मुंबई मॅरेथॉनमध्ये असं काही करता येतं का?

श्वासमात्रा

अल्फा-१ मध्ये चौदाव्या गुणसूत्रावरचं जनुक बिघडतं, फुप्फुसाचं रक्षण करणारं प्रथिन कमी पडतं आणि तरुण वयात एम्फिसीमा (फुप्फुसातल्या वायुकोशांची झीज) होऊ शकतो, यकृतावरही परिणाम होतो. धूम्रपान करणाऱ्यात फार लवकर. घरातल्या बाकीच्यांची रक्ततपासणी झाली आहे ना, ते आधी बघा. प्रायमरी सिलिअरी डिस्किनेसिया हा आणखी एक. त्यात श्वासनलिकेतले सूक्ष्म केस हलत नाहीत, आणि जवळपास निम्म्या रुग्णांत हृदयासकट अवयव उलट बाजूला असतात. या आजारांच्या संस्था लहान. त्यांच्याकडे लंडनच्या जागा नसतील तर बॅलटच्या जागेवर किंवा एखाद्या १० किमीच्या धावेत त्यांच्यासाठी पैसे जमवता येतात. लहान संस्थेला ५०० पौंडसुद्धा मोठे.

माळशिरस_ते_मिल्टनकीन्स

मुंबईत हो. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, २००४ पासून. देणगीचं काम युनायटेड वे मुंबई बघते आणि तुमची संस्था त्यांच्याकडे नोंदलेली असावी लागते, तेव्हा आधी यादी तपासा. आजाराच्या नावाने संस्था सापडली नाही, तर बालरुग्णालयाची किंवा दुर्मीळ आजारांवर काम करणारी बघा आणि पैसे कुठल्या कामाला लागतील हे लेखी घ्या. पूर्ण अंतर जमणार नसेल तर ड्रीम रन या तिथल्या छोट्या धावेतूनही पैसे जमवता येतात. पूर्ण धावणाऱ्यांनी पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, ऊन चढल्यावर येतो हे धरून वेग ठेवावा. लंडनचा वेग तिथे लागू पडत नाही.

वाटसरू_हडपसर

शर्यत झाल्यावर पान किती दिवस उघडं ठेवायचं?

थेम्सकाठ

संस्थेने रक्कम भरायची जी तारीख दिली असेल तिथपर्यंत तरी. शर्यतीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस वाया घालवू नका. "झाली का पूर्ण?" म्हणून थांबलेले लोक तेव्हाच देतात. वेळ, फोटो आणि लिंक एकाच संदेशात पाठवा. कंपनीच्या भरीसाठी पानाची छापील प्रत आणि संस्थेचं पत्र लागतं, ते त्याच आठवड्यात मागून घ्या. कागदी प्रायोजक फॉर्म मूळ प्रतीसकट संस्थेला पाठवा आणि जाण्याआधी स्कॅन करून ठेवा. टपालात गहाळ झाला तर त्यावरचा गिफ्ट एड जातो.